४० हजारांत विणकामाच्या साहित्याचं दुकान: पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: विणकाम आणि क्रोशा त्या लहानपणापासून करतात. ओळखीतल्या बायका त्यांच्याकडे शिकायला येतात आणि प्रत्येकीची तक्रार एकच, जवळपास चांगली लोकर मिळत नाही. हाताशी ४० हजार रुपये आहेत. घरातून साहित्याची विक्री सुरू करता येईल का, की गाळा घ्यावाच लागेल? कर्ज काढावं का? आणि स्वतः विणलेले स्वेटर, टोपडीही विकायला ठेवावीत का?

ताई, मी पुण्यात बरीच वर्षं लोकर, दोरे आणि भरतकामाचं साहित्य विकते. सुरुवात घरातल्या एका कपाटातून केली आणि दुकान खूप उशिरा घेतलं. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. घरातून करता येईल, घरातूनच करा आणि ४० हजार पुरतील. मात्र ते कुठे अडकू द्यायचे नाहीत हे आधी नीट समजून घ्या. या धंद्यात भाडं भरता न आल्याने बंद पडलेली दुकानं मी कमीच पाहिली आहेत. जास्त दुकानं बंद पडतात ती फळीवर पडून राहिलेल्या रंगांमुळे.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तिथेच बहुतेक जणी चुकीच्या रस्त्याला लागतात. विणलेल्या वस्तू विकून दुकान उभं करायला जाऊ नका. हिशेब करून बघा. बाळंतविड्याचा एक संच, म्हणजे स्वेटर, टोपडं आणि मोजे, विणायला सफाईदार हातालाही १४ तास लागतात. समजा त्याचे ६०० रुपये आले आणि लोकर-बटणांचे १८० गेले. उरले ४२०, म्हणजे तासाला ३० रुपये. घासाघीस करणारं गिऱ्हाईक भेटलं तर तेवढेही नाहीत. आंध्र प्रदेशातलं नरसापूर हे क्रोशाच्या लेसचं शतकाहून जुनं केंद्र. तिथे पिढ्यान्‌पिढ्या हजारो बायका हे काम करत आल्या आणि मजुरी कायम तुटपुंजीच राहिली. तुमच्या हाताची किंमत बाजार देत नाही याचं मलाही वाईट वाटतं, पण धंदा या आकड्यावर उभा राहत नाही. तुम्हाला विणता येतं याचा खरा फायदा वेगळाच आहे. कोणत्या कामाला किती लोकर लागते, कोणती सुई घ्यावी, कोणत्या धाग्याचा पीळ सुटतो हे तुम्ही गिऱ्हाइकाला खात्रीने सांगू शकता. काउंटरवर नुसता उभा असलेला माणूस ते सांगू शकत नाही. लोक साहित्य घेतात त्या खात्रीपोटी. नमुना म्हणून चार वस्तू विणून टांगा, त्या विकू नका. त्यांच्याकडे बघूनच लोकर खपेल.

आता मालाकडे येऊ.

नवीन दुकानदार काय करतो? घाऊक बाजारात जातो, रंग बघून हरखतो आणि ६० शेड्सचे दोन-दोन गुंडे उचलतो. घरी मांडल्यावर फळी सुंदर दिसते. पहिलं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, 'या जांभळ्याचे पाच द्या.' आहेत दोन. दुसरी येते, तिला लिंबू रंगाचे चार हवेत, आहेत दोन. महिन्याभरात पांढरा, क्रीम आणि फिका गुलाबी संपतो आणि उरलेल्या ५७ रंगांत तुमचे पैसे बसून राहतात. लोकर दिसते तशी सुट्या नगावर विकली जात नाही. ती कामाच्या हिशेबाने विकली जाते. बाईच्या साध्या स्वेटरला फोर-प्लाय, म्हणजे चार पदरी, लोकर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम लागते. बाळाच्या संचाला १५० ते २०० ग्रॅम. म्हणजे मोठ्या स्वेटरचं गिऱ्हाईक सांभाळायचं तर प्रत्येक रंगाचे निदान पाच-सहा गुंडे ठेवावे लागतात आणि तेही एकाच लॉटचे.

लॉटचं हे प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण याच्यावरच दुकानाची पत ठरते. गुंड्याच्या लेबलवर शेड नंबराशेजारी लॉट नंबर छापलेला असतो. गिरणीत एका वेळी एका घाण्यात जेवढा धागा रंगवला तो एक लॉट. शेड नंबर तोच असला तरी पुढच्या लॉटमध्ये रंग केसभर इकडेतिकडे होतो. ट्यूबलाइटखाली दोन गुंडे शेजारी ठेवले तर फरक दिसत नाही. बाई पाठीचा भाग एका लॉटने विणते, बाह्या दुसऱ्याने, आणि पूर्ण झालेला स्वेटर गॅलरीत वाळत घातला की भर उन्हात बाहीपाशी पट्टा उठून दिसतो. तिचे महिन्याभराचे कष्ट वाया जातात आणि ती पुन्हा तुमच्याकडे येत नाही. म्हणून तीन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. एक, माल आल्यावर तो शेडप्रमाणे लावण्याआधी लॉटप्रमाणे वेगळा करा. दोन, बिलावर लॉट नंबर लिहा. तीन, गिऱ्हाइकाला म्हणा, 'तुम्हाला सहा लागतील, चार आत्ता न्या, दोन मी १५ दिवस तुमच्या नावाने बाजूला ठेवते.' आणि उरलेला अख्खा गुंडा लेबलसकट महिन्याच्या आत परत घ्या. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत, पण मोठ्या दुकानांत हे कोणी करत नाही.

हे लक्षात घेतलं की कमी भांडवलात काय विकायचं ते आपोआप ठरतं. ज्या कामाला एकाच लॉटचा खूप माल लागत नाही ते काम निवडा. बाळाच्या वस्तू, क्रोशाच्या छोट्या बाहुल्या, केसांचे बो, कोस्टर, पर्सेस, तोरणं. यांना एका रंगाचे एक-दोन गुंडे पुरतात. म्हणून माझा सल्ला असा: सुरुवातीला अ‍ॅक्रिलिक (कृत्रिम धाग्याच्या) फोर-प्लायचे १२ रंग आणि क्रोशाच्या सुती धाग्याचे ८ रंग, बस. बाळाच्या कामासाठी पांढरा, क्रीम, लिंबू, फिका गुलाबी आणि आकाशी. बाहुल्यांसाठी काळा, चॉकलेटी, त्वचेच्या दोन छटा आणि लाल. उरलेले दोन तुमच्या भागातल्या पसंतीचे. आमच्याकडे मोहरी आणि मरून चालतो. पांढरा, क्रीम आणि काळा कधीही संपू देऊ नका. सुया क्रोशाच्या अडीच ते चार मिलिमीटरच्या, विणकामाच्या दोन-तीन मापांच्या. त्याहून बारीक-जाड कोणी मागितलं तर मागवून द्या.

भरतकामाच्या दोऱ्यांचा मोह आवरा. लडी लहान, आठ मीटरची, किंमतही थोडी, त्यामुळे स्वस्त वाटतं. पण भरतकाम करणारी बाई नंबर घेऊन येते. डीएमसीचा काळा ३१०, अँकरचा काळा ४०३, तिला नेमका तोच हवा असतो आणि दोन्ही कंपन्यांचे मिळून रंग शेकड्यांनी आहेत. अर्धवट रंगांचं कपाट कामाचं नाही आणि पूर्ण कपाट भरायला तुमची सगळी पुंजी जाईल. भरतकाम विकायचंच असेल तर ठरावीक नक्षीचा संच करा, ज्यात सात-आठच रंग लागतात, आणि तेवढेच दोरे आणा.

माल आणायचा कुठून? लोकरीचं मोठं केंद्र लुधियाना, हे तुम्हाला कोणीही सांगेल. थेट तिथून मागवलं तर दर कमी पडतो, हेही खरं. तरी पहिलं वर्ष लुधियानाच्या नादी लागू नका. साताऱ्याहून पुणे दोन-अडीच तासांवर आहे. सुटी बटणं, पिशव्या, डबे, चिकटपट्ट्या, खोके असलं सगळं रविवार पेठेत आणि बोहरी आळीत घाऊक भावाने मिळतं. मुंबईला गेलात तर अब्दुल रहमान स्ट्रीट आणि भुलेश्वर बघून या. मणी, लेस, झालरी यांसाठी भुलेश्वरसारखी जागा नाही. लोकर मात्र पुण्यातल्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडून घ्या आणि त्याच्याकडे दोनच गोष्टी मागा: पाकीट फोडून थोडा माल देण्याची तयारी आणि न खपलेली शेड बदलून देण्याची तयारी. या दोन गोष्टी देणाऱ्याला दर थोडा जास्त गेला तरी जाऊ द्या.

का, ते आकड्यांत बघा. समजा तुम्ही पुण्याहून २० हजारांचा माल आणला आणि खरेदीवर ३० टक्के चढवून विकला. २६ हजार आले, सहा हजार सुटले. थोडा आणि निवडक माल असल्याने तो दोन महिन्यांत संपला आणि तुम्ही पुन्हा आणला, तर वर्षात सहा फेऱ्या, सुटले ३६ हजार. आता दुसरी बाजू. लुधियानाहून ८ टक्के स्वस्त पडतं म्हणून उसनवारी करून एकदम ६० हजारांचा माल उचलला. पुण्याच्या भावाने तो साधारण ६५,२०० चा. त्याच किमतीला विकला तर ८४,८०० येतील, सुटतील २४,८००. पण एवढ्या शेड्स आणि एवढा माल नव्या दुकानात वर्षभर पुरतो. तिप्पट पैसे घालून, शिवाय उसने आणून, कमी सुटले. सगळा धंदा या एका हिशेबात आहे. माल किती स्वस्त मिळाला यापेक्षा तो किती वेळा फिरला, ते बघा.

आणि हेही प्रामाणिकपणे सांगते, वर्षाला ३६ हजार म्हणजे महिन्याला तीन हजार. नुसती लोकर विकून यापेक्षा फार होत नाही. घर चालवायचं तर त्याला दोन जोड लागतात: संच आणि वर्ग.

संच म्हणजे एका वस्तूचं सगळं साहित्य एका पिशवीत. लोकर मोजून, सुई, बटणं, कापूस, शिवायची बोथट सुई आणि कृतीचा कागद. समजा साहित्य १४० रुपयांचं, पिशवी आणि छपाई २५. असा संच ३५० ला सहज जातो, कारण गिऱ्हाइकाला काय आणि किती आणायचं हा विचार करावा लागत नाही. यात तुमची मोठी जमेची बाजू म्हणजे मराठी. इंटरनेटवरच्या बहुतेक कृती इंग्रजीत असतात आणि त्यातही अमेरिकन आणि ब्रिटिश नावांचा घोळ असतो. एकाच नावाने अमेरिकेत एक टाका आणि इंग्लंडमध्ये दुसराच. शिकाऊ बाई तिथेच सोडून देते. तुम्ही 'सहा साखळ्या, गोल जोडून त्यात बारा मुके खांब, पुढच्या ओळीत प्रत्येक टाक्यात दोन खांब' अशी कृती लिहून, प्रत्येक ओळीनंतर टाके किती झाले तो आकडा देऊन, दोन-तीन टप्प्यांचे फोटो घालून दिलीत तर पन्नाशीच्या मावशीही घरी बसून करतील. कृती तुमची स्वतःची हवी. पुस्तकातली किंवा कोणाच्या संकेतस्थळावरची कृती झेरॉक्स करून पिशवीत घालणं हा कॉपीराइटचा भंग आहे. गाजलेल्या कार्टूनच्या बाहुल्यांचे संच करून विकणंही टाळा.

कोणता संच खपेल हे मनाने ठरवू नका. एक नमुना विणा, दिवसाच्या उजेडात चांगला फोटो काढा आणि ओळखीच्या बायकांना पाठवा: 'बाळंतविड्याचा संच, तीन रंगांत, निम्मे पैसे आगाऊ, दहा दिवसांत मिळेल.' दहा जणींनी पैसे पाठवले तर माल आणा. दोघींनीच पाठवले तर त्यांचे परत करा आणि दुसरा नमुना विणा. आगाऊ पैसे मागायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण 'छान आहे गं' म्हणणं आणि पैसे देणं यात जमीनअस्मानाचं अंतर असतं. ते माल आणण्याआधी कळलेलं बरं.

वर्ग हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्का प्रचार आहे. ओळखीच्या बायका तुमच्याकडे शिकायला येतातच. आता फी घ्या. फुकट शिकवलेलं मध्येच सुटतं. फीमध्ये साहित्य धरा, म्हणजे पहिल्याच दिवशी प्रत्येकीच्या हातात तुमची लोकर आणि योग्य मापाची सुई असेल. वर्गात काय करायचं ते फळीवर काय आहे ते बघून ठरवा. एखादा रंग हलत नसेल तर त्याचाच नमुना वर्गात घ्या. हातात एकदा टाका बसला की ती बाई वर्षभर लोकर घेत राहते आणि मैत्रिणीलाही घेऊन येते. तेवढी उधारीची सवय मात्र वर्गात लागू देऊ नका. ओळखीत मागायला जीभ रेटत नाही आणि वर्षअखेरीस तीच रक्कम तुमच्या नफ्याएवढी झालेली असते.

तिसरी एक युक्ती सांगते, जी फारशी कोणी वापरत नाही. तुमच्या गावात मॅचिंग सेंटर असेल, जिथे फॉल, अस्तर, बटणं आणि दोरे मिळतात. तिथे येणारं गिऱ्हाईक नेमकं तुमचंच आहे. त्या दुकानदाराला सांगा, एक फळी द्या, माल माझा, विकला गेला तर १५ ते २० टक्के तुमचे, नाही गेला तर मी घेऊन जाईन. त्याचा एक पैसा अडकत नाही, त्यामुळे तो बहुधा हो म्हणतो. फळीवर सुटी लोकर ठेवू नका, लॉटचा घोळ होईल. फक्त संच ठेवा, एक विणलेला नमुना टांगा, खाली तुमचा नंबर लिहा. दर आठवड्याला जाऊन मोजणी करा आणि वहीत दोघांची सही घ्या.

४० हजारांची वाटणी मी अशी करेन: माल २० हजार. झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणि एक रॅक ३ हजार. शिक्क्याचा इलेक्ट्रॉनिक काटा अडीच हजार. पिशव्या, लेबलं आणि छपाई २ हजार. नमुन्यांची लोकर दीड हजार. एखाद्या प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं ३ हजार. राहिलेले ८ हजार बँकेत, हात न लावता. हे आठ हजार एखादा रंग अचानक मागणीत आला की लागतात. डबे पारदर्शक घ्या आणि प्रत्येक डब्यावर माल आल्याची तारीख लिहा. सहा महिन्यांपूर्वीची तारीख दिसली की त्या रंगाचे छोटे छोटे गुंडे करा, पाच-सहा रंगांची मोळी बांधा आणि ग्रॅनी स्क्वेअरच्या, म्हणजे क्रोशाचे चौकोन जोडून केलेल्या, गोधडीसाठी म्हणून मुद्दलात विका. पावसाळ्यात सुती धाग्याला बुरशी येते, लोखंडी सुया गंजतात, अस्सल लोकरीला कसर लागते. अ‍ॅक्रिलिकला यातलं काही होत नाही, म्हणूनही सुरुवात त्यानेच करावी.

कर्जाबद्दल. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं, ते चांगलं आहे. पण पहिल्या वर्षी घेऊ नका. कोणती शेड किती दिवसांत संपते याची एक वर्षाची वही तुमच्याकडे तयार झाली की मग थंडीच्या हंगामाआधी घ्या आणि तेवढ्याच मालासाठी वापरा.

हंगाम समजून घेणंही गरजेचं आहे. लोकरीचा जोर नवरात्रापासून जानेवारीपर्यंत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, तेव्हा वाणासाठी छोट्या वस्तू करणाऱ्या बायका दहा-वीस नगांचं साहित्य एकदम घेतात. त्यांची ऑर्डर डिसेंबरातच पक्की करून घ्या. फेब्रुवारी-मार्च थंड जातो. एप्रिल-मेमध्ये मुलांची सुट्टी, तेव्हा मुलांचे वर्ग आणि सोपे संच. मग राख्या, गौरी-गणपतीची सजावट, दिवाळीची तोरणं. लोकर विकणाऱ्याने उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सुती धागा, मणी आणि सजावटीकडे वळलं तर वर्षभर गल्ला रिकामा राहत नाही. प्रदर्शनांचं म्हणाल तर पुण्याची भीमथडी जत्रा किंवा मुंबईचं महालक्ष्मी सरस फार मोठी आहेत. पहिल्या वर्षी तुमच्या गावातल्या महिला मंडळाचं दिवाळीआधीचं प्रदर्शन पुरे. तिथे विक्रीपेक्षा नंबर गोळा करा. टेबलावर बसून विणत राहा, लोक थांबतात.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यातच सगळ्या रंगांची सूची टाका. एक लक्षात ठेवा, ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्या व्यक्तीने तुमचा नंबर तिच्या फोनमध्ये साठवलाय तिलाच तो निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला समोरच नंबर सेव्ह करायला सांगा. फोटो खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून काढा आणि खाली शेड नंबर लिहा. मोबाइलच्या पडद्यावर मरून आणि वाइन सारखेच दिसतात, मग परत पाठवण्याची वेळ येते.

पार्सल पाठवताना लोकर दगा देते, कारण ती हलकी पण ऐसपैस. बहुतेक खासगी कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येईल ते वजन धरतात. ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात किलोभर लोकर घातली तर पैसे तीन किलोचे लागतात. खोकं वापरूच नका. प्लास्टिकच्या कुरिअर पिशवीत लोकर भरून, हवा दाबून काढून, चिकटवून पाठवा. अ‍ॅक्रिलिक उघडल्यावर पुन्हा फुलतं.

आता कागदपत्रं. घाबरण्यासारखं काही नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला देऊ नका. मोजकेच कामगार असतील तर दुकानांसाठीच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे शॉप अ‍ॅक्टचा परवाना घ्यावा लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. तिची पावती बँकेत चालू खातं काढायला उपयोगी पडते. घरखर्चाचं आणि दुकानाचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.

जीएसटीत वस्तूंच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातली मेख अशी की ही सूट राज्यातल्या विक्रीपुरती आहे. बेळगावच्या किंवा मडगावच्या मावशींना लोकरीचं एक पार्सल पाठवलंत की ती आंतरराज्य विक्री झाली आणि रक्कम कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. मराठी संच म्हटल्यावर बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा इथून मागणी येणारच, ती बघून मोहात पडू नका. आधी महाराष्ट्रातच विका, बाहेरची मागणी नियमित झाली की नोंदणी घ्या. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर राज्यातल्या राज्यात विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला पूर्ण नोंदणीची गरज राहिलेली नाही, जीएसटीच्या पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घेतला की चालतं.

दोन नियम असे आहेत जे संच विकणाऱ्या बहुतेकींना ठाऊकच नसतात. पहिला वजनमापांचा. लोकर तोलून विकत असाल तर काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का हवा आणि वर्षातून एकदा पडताळणी हवी. स्वयंपाकघरातला काटा चालत नाही. आधीच बांधलेल्या संचावर तुमचं नाव-पत्ता, आत काय आणि किती, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी फोन, एवढं लेबलवर असलं पाहिजे. पाकीटबंद माल तयार करणाऱ्याने सुरुवात केल्यापासून ९० दिवसांत त्या खात्याकडे नोंदणीही करायची असते.

दुसरा नियम खेळण्यांचा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. क्रोशाच्या तयार बाहुल्या खेळणी म्हणून विकल्या तर त्या यात येऊ शकतात. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे बाहुल्या विकायच्याच असतील तर आधी ते कारागिराचं ओळखपत्र काढा. लहान बाळाच्या वस्तूच्या संचात मात्र नियम असो वा नसो, सुटे मणी आणि चिकटवायचे डोळे घालू नका. डोळे दोऱ्याने भरायला शिकवा.

राहिला गाळा. सलग सहा महिने दरमहा जेवढं सुटतं त्याच्या तिसऱ्या हिश्शात भाडं बसत असेल तरच बघायला लागा. रस्त्यावरचा गाळा नको. लोकर घेणारी बाई ठरवून येते, जाता-जाता नाही, त्यामुळे पहिल्या मजल्यावरची, आत गल्लीतली खोली चालते आणि तिथे वर्ग घ्यायलाही शांतता मिळते. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी असलेलीच जागा घ्या, रंग दाखवायला नैसर्गिक उजेड लागतो. अनामत कमी आणि भाडं किंचित जास्त असा व्यवहार सुरुवातीला परवडतो, कारण अनामतीत अडकलेल्या पैशावर माल फिरत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्या, महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारकच आहे. करारात 'विणकाम-भरतकामाचं साहित्य आणि वर्ग' असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर पुढे वर्गाला येणाऱ्या बायकांच्या चपला जिन्यात दिसल्या की मालकाची कुरकुर सुरू होते.